स्मृतिभ्रंशाची शिरगणती

2036 साली भारतात साठी ओलांडलेल्या ज्या माणसांना स्मृतिभ्रंश झालेला असेल, त्यांतलं एकही माणूस आता जन्माला यायचं राहिलेलं नाही. त्यांतली सगळ्यांत लहान माणसं 1976 च्या आसपास जन्मली. आज ती पन्नाशीला टेकली आहेत. धुळ्यात पाचकंदिलाजवळ कुणाचं कापडाचं दुकान आहे, कुणी शिरपूरच्या सूतगिरणीत पाळी करतं, कुणी शिंदखेड्याकडे रोजानं कापूस वेचायला जातं, तर कुणी गाव सोडून सुरतेच्या उधन्यात साड्यांच्या कारखान्यात म्हातारं होत चाललं आहे.

त्यामुळे 2036 चा अंदाज म्हणजे ज्योतिष नव्हे. यांच्यापैकी किती जण साठी, सत्तरी, ऐंशी गाठतील हे मृत्युदरांच्या कोष्टकांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटानं ते सांगितलंही आहे. महाराष्ट्रात साठीपुढच्यांचं प्रमाण 2021 मध्ये 11.7 टक्के होतं असं धरलं, तर 2031 मध्ये ते 15 टक्क्यांवर जाईल. अडचण उद्याच्या आकड्यात कमी आणि आजच्या आकड्यात जास्त आहे. आज किती जणांना हा आजार आहे, याचंच आपलं उत्तर पक्कं नाही. उद्याचा अंदाज त्या उत्तराला गुणून निघतो. म्हणून तो वाचताना गुणाकारापेक्षा मूळ रकमेकडे बघावं, असं मला वाटतं.

मूळ रकमा एकमेकींशी जुळत नाहीत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या 2010 च्या अहवालानं देशातल्या रुग्णांची संख्या 37 लाख धरली. 2022 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानं 2019 सालासाठी 38 लाख म्हटलं आणि 2050 मध्ये 1 कोटी 14 लाख होतील, असं वर्तवलं. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या ‘लासी’ नावाच्या देशव्यापी पाहणीत आहे, तिच्याशी जोडलेला हा अभ्यास. त्यानं साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्के म्हणजे 88 लाख रुग्ण असल्याचं सांगितलं आणि 2036 साठी 1 कोटी 69 लाखांचा आकडा दिला. दोन्ही अभ्यास जवळपास एकाच काळातल्या भारताबद्दल बोलतात. तरी त्यांच्यातली तफावत पन्नास लाखांची आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाख होती, म्हणजे ही तफावत एका मोठ्या जिल्ह्याला गिळून वर उरते.

यात कुणी लबाडी केलेली नाही. मोजणीची ही वाट कुठे कुठे घसरडी आहे ते पाहिलं, की तफावतीचं नवल वाटेनासं होतं.

पहिली घसरण वयाची. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पासष्टीनंतर दर पाच-सहा वर्षांनी ढोबळमानानं दुप्पट होत जातं. म्हणून अंदाज काढणारे साठ ते चौसष्ट, पासष्ट ते एकोणसत्तर असे वयाचे गट पाडतात, प्रत्येक गटाचा दर वेगळा धरतात आणि पुढच्या काळात त्या गटात किती माणसं असतील त्या संख्येनं त्याला गुणतात. वय चुकलं की दर चुकला, आणि माणसांची संख्याही चुकली.

आता हे वय येतं कुठून? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि आमच्या पिढीतल्या बहुतेक मास्तरांप्रमाणे जनगणनेचा प्रगणकही होतो. म्हातारीला वय विचारलं की ती सुनेकडे बघायची, सून आमच्याकडे बघायची. मग आम्ही आठवणींचा आधार घ्यायचो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का? तेव्हा पदरात किती पोरं होती? थोरला शाळेत जात होता की कडेवर होता? महाराष्ट्रातल्या खेड्यांत एका पिढीचं वय या दुष्काळावरून निघालं आहे. तेही पाच-सात वर्षं इकडेतिकडे व्हायचंच, आणि शेवटी कागदावर पन्नास, साठ, पासष्ट असे गोल आकडे उतरायचे. गोल आकड्यांवर असे वयांचे ढीग साचतात, आणि लोकसंख्याशास्त्रात या ढिगांची ओळख जुनी आहे. ते किती उंच झालेत हे मोजण्याचे निर्देशांक आहेत आणि ते सपाट करण्याच्या रीतीही आहेत. आता आधार कार्डं आली, पण ज्याला जन्मतारीख ठाऊक नाही त्याची 1 जानेवारी पडली. शाळेत गेलेल्यांची तर एक पूर्ण पिढी मास्तरांच्या कृपेनं 1 जूनला जन्मलेली आहे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टीला सुरू होतं. तेव्हा कागदावरचं वय पासष्टच्या बाजूला कलण्याचं कारण गरिबाच्या घरात उघडच असतं. 2011 नंतर देशात जनगणना झालेली नाही, आणि नवी जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची ठरली आहे. तोवरचे सगळे अंदाज पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदांवर उभे आहेत.

दुसरी घसरण चाचणीची. स्मृतिभ्रंश रक्त तपासून घरोघर मोजता येत नाही. माणसाला प्रश्न विचारावे लागतात. जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तिला तीस गुण. आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा आणि त्याप्रमाणे करा, मनानं एक वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा. शाळा न पाहिलेल्या माणसाचे यातले बरेच गुण चाचणी सुरू होण्याआधीच गेलेले असतात.

खानदेशात राहणाऱ्याला इथे बहिणाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या जवळच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि 1951 मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक झालं. शेकडो ओळी डोक्यात बाळगणाऱ्या या बाईंसमोर ती तीस गुणांची प्रश्नावली ठेवली असती, तर वाचनाचे, लेखनाचे, आकृतीचे गुण गेलेच असते. चाचणीनं शाळा मोजली असती आणि वर नाव स्मृतीचं दिलं असतं.

हा दोष संशोधकांच्या ध्यानात आला नव्हता असं नाही. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा त्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी प्रश्नावली बांधली. तिथे पासष्टीपुढच्यांत प्रमाण निघालं अवघं 1.36 टक्के. जगातल्या तोवरच्या नोंदींत हा फार कमी आकडा होता. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत चोवीस हजारांहून जास्त माणसं तपासली गेली, आणि पासष्टीपुढचं प्रमाण 2.44 टक्के आलं. तेव्हापासून 7.4 टक्क्यांपर्यंतचा प्रवास म्हणजे आजार एवढा वाढला असा अर्थ कुणी लावू नये. वयाचे गट वेगळे, प्रश्न वेगळे, ‘रुग्ण’ कुणाला म्हणायचं ती रेघ वेगळी.

ती रेघ आपल्या गावांत कुठे ओढायची, हेही सोपं नाही. तारीख विचारली तर आमच्याकडची जुनी बाई गप्प राहील. तिथी विचारा, कानबाई कधी बसते ते विचारा, दोंडाईच्याचा बाजार किती दिवसांवर आला ते विचारा, झटक्यात सांगेल. काळाचं भान तिला आहे, ते आपल्या कॅलेंडरात मांडलेलं नाही एवढंच. आणि प्रश्न प्रमाण मराठीत आला, उत्तर अहिराणीत आलं, मधे विचारणारा सोलापूरचा किंवा कोल्हापूरचा असला, तर अडखळलं कोण हे ठरवणार कसं? साक्री आणि शिरपूरच्या पावरा, कोकणी, भिल्ल वस्त्यांत तर हा प्रश्न आणखी एक पायरी खाली जातो. धुळे जिल्ह्यात 2011 साली जवळपास एकतृतीयांश लोक अनुसूचित जमातींतले होते, हे ध्यानात घेतलं की भाषेचा मुद्दा तळटीपेचा राहत नाही.

तिसरी घसरण घरातली आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी.

माझ्या थोरल्या काकू शिंदखेडा तालुक्यातल्या एका खटल्याच्या घरात होत्या. सत्तरी ओलांडल्यावर त्या एकच गोष्ट फिरून फिरून विचारू लागल्या. कळण्याची भाकरी त्या शेवटपर्यंत सुरेख थापत, पण पिठात मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून भाकरी कधी अळणी, कधी खारट. सुनांनी न बोलता परात आपल्याकडे ओढून घेतली. मग ज्वारीच्या कणगीत पैसे लपवणं सुरू झालं आणि ते सापडेनात की धाकट्या सुनेनं चोरले, असं गल्लीत सांगणं. पुढे दिवस कलला की त्या ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, ‘मना भाऊ लेवाले येई.’ आखाजीला आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात. काकूंच्या मनात आता बाराही महिने आखाजी होती, आणि भाऊ तर कधीचा वारला होता.

त्यांना घरच्यांनी नीट सांभाळलं. पण ‘म्हातारीनं वय व्हयनं’ यापलीकडे कुणी काही म्हटलं नाही. डॉक्टरकडे नेलं ते पाय सुजले म्हणून. त्या गेल्या तेव्हा नोंद झाली वार्धक्याची. देशात नोंदवल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आसपास मृत्यूंचं कारण डॉक्टर रीतसर प्रमाणित करतात, त्यात स्मृतिभ्रंश लिहिला जाणं दुर्मीळ. म्हणजे दवाखान्याच्या वहीत काकू नव्हत्या आणि मृत्यूच्या वहीतही या आजारानिशी नव्हत्या.

समजा, त्या काळात एखादा पाहणी करणारा दारात आला असता आणि त्यानं सुनेला विचारलं असतं, की यांना रोजची कामं जमतात का? सुनेनं खरंच सांगितलं असतं, की त्यांना आम्ही काही कामच ठेवलेलं नाही. उत्तर बरोबर, आणि काकू निरोगी. ‘10/66’ नावाच्या संशोधकगटानं नेमकं हे दाखवून दिलं. 1998 मध्ये कोचीनच्या परिषदेतून हा गट उभा राहिला. जगातले दोनतृतीयांश रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असताना संशोधनाचा दहावा हिस्साही त्यांच्या वाट्याला येत नाही, हे त्याच्या नावातच आहे. तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या खेड्यांत या गटानं पाहिलं, की अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचा निकष लावला तर प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं आणि गटानं स्वतः बांधलेल्या पद्धतीनं मोजलं तर दहा टक्क्यांच्या घरात जातं. अमेरिकी निकषात माणसाच्या रोजच्या व्यवहारात बिघाड दिसावा लागतो. जिथे म्हाताऱ्या माणसाकडून कुणी व्यवहाराची अपेक्षाच करत नाही, तिथे तो बिघाड दिसणार कसा? एकत्र कुटुंबाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण हेच कुटुंब म्हातारीच्या हातातली परात काढून घेतं आणि त्याबरोबर तिच्या आजाराचा पुरावाही उचलून आत ठेवतं.

7.4 टक्क्यांचा आकडा या सगळ्या अडचणी ओळखून काढलेला आहे. म्हणून मी त्याला मान देतो. ‘लासी’मधल्या साठीपुढच्या सुमारे चार हजार माणसांच्या सविस्तर चाचण्या झाल्या आणि त्यांच्या जवळच्या माणसांनाही वेगळे प्रश्न विचारले गेले. त्यातल्या अडीच हजारांच्या नोंदी तज्ज्ञ डॉक्टरांनी वाचून, आपापसांत मत जुळवून, कुणाला आजार आहे ते ठरवलं. त्यांच्या निर्णयांवरून संगणकाचं प्रारूप शिकवलं आणि ते मोठ्या पाहणीतल्या एकतीस हजार वृद्धांना लावलं. देशातल्या कोट्यवधी वृद्धांबद्दलचं विधान अखेर अडीच हजार माणसांच्या काळजीपूर्वक वाचनावर उभं आहे. हे हसण्यासारखं नाही, संख्याशास्त्र असंच चालतं. राज्यांचे आकडेही त्यात आहेत. दिल्लीत साडेचार टक्के, तर जम्मू-काश्मीरमध्ये अकरा. पण हा आकडा राज्यापर्यंत येऊन थांबतो. धुळे, जळगाव, नंदुरबार अशा जिल्ह्यांपर्यंत तो पोचत नाही, आणि दवाखाना बांधायचा, डॉक्टर नेमायचा तर तो जिल्ह्यात.

याच अभ्यासानं सांगितलेली दुसरी गोष्ट आमच्या भागासाठी अधिक महत्त्वाची आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, आणि शिक्षण जितकं कमी तितकं जास्त. म्हणजे धुळे जिल्ह्यातलं सर्वांत मोठं ओझं खेड्यातल्या, शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर आहे. त्यात चाचणीचा दोष किती आणि आजार किती, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण लहानपणीचं शिक्षण मेंदूला पुढच्या झिजेसाठी काही शिल्लक देऊन ठेवतं, याला जगभरातून आधार मिळाला आहे. 1940-50 च्या काळात पोरीला शाळेत न घालण्याचं बिल आता येतं आहे, असंही याकडे बघता येईल.

तीच गोष्ट उलट दिशेनंही लागू पडते. अंदाज करणारे बहुधा आजचा दर तसाच पुढे नेतात. उद्याची सत्तरीची बाई आजच्या सत्तरीच्या बाईसारखीच असेल, असं त्यात गृहीत असतं. इंग्लंडमध्ये हे गृहीतक खोटं ठरलं. केंब्रिजशायर, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम या तीन ठिकाणी 1990 च्या सुमारास मोजणी झाली होती. वीस वर्षांनी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं पुन्हा झाली. जुना दर पुढे नेला असता तर ब्रिटनमध्ये 2011 साली 8 लाख 84 हजार रुग्ण निघायला हवे होते. प्रत्यक्षात आले 6 लाख 70 हजार. लोक म्हातारे झाले होते, पण आधीच्या पिढीपेक्षा जास्त शिकलेले आणि हृदयाची जास्त काळजी घेतलेले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासातही 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून दर दशकात नवे रुग्ण सुमारे वीस टक्क्यांनी घटत गेले, आणि ही घट किमान शालान्त शिक्षण झालेल्यांतच दिसली.

मग आमच्याकडे 2036 ची पिढी कशी असेल? 1976 च्या आगेमागे जन्मलेल्या मुली आपल्या आयांपेक्षा जास्त शाळेत गेल्या, हे मी वर्गातच पाहिलं. हा हिशेब त्यांच्या बाजूचा. पण याच पिढीच्या अंगात मधुमेह आणि रक्तदाब ज्या वेगानं शिरला, तो त्यांच्या आयांच्या पिढीत नव्हता. तंबाखू सुटलेली नाही. पंप, गिरणी आणि मागाच्या खडखडाटात कान गेलेले आहेत, आणि कानाचं यंत्र लावणं आमच्याकडे चष्म्यासारखं सहज झालेलं नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 मध्ये चौदा कारणं मोजून दाखवली, की ती पूर्ण दूर झाली तर जगातले 45 टक्क्यांपर्यंत रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल. त्यात अपुरं शिक्षण आहे, बहिरेपण आहे, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपणा, न सुधारलेली नजर, दूषित हवा आहे. म्हणजे 1 कोटी 69 लाख हा आकडा विधिलिखित नाही. आजची पन्नाशी पुढची दहा-पंधरा वर्षं कशी काढते, यावर तो वरखाली होणार आहे.

आणखी एक पेच सांगायला हवा, कारण तो आकडा वाचणाऱ्याला हमखास चकवतो. एखाद्या वेळी समाजात किती रुग्ण आहेत हे दोन गोष्टींवर ठरतं. दरसाल नवे किती होतात, आणि झालेला माणूस आजारासकट किती जगतो. जिथे पडून हाड मोडलेली, जेवण विसरलेली, न्यूमोनिया झालेली म्हातारी लवकर जाते, तिथे प्रमाण कमी दिसतं. बल्लभगडच्या त्या कमी आकड्यामागे हेही एक कारण असू शकतं, असं तेव्हाच बोललं गेलं. उद्या आमच्या जिल्ह्यात काळजी सुधारली, तर रुग्णांची संख्या आधी वाढलेली दिसेल. ते अपयश नसेल. आणि आज संख्या कमी आहे म्हणून कुणी समाधान मानलं, तर ती माणसं गेली कुठे, हे त्याला विचारायला हवं.

एवढ्या शंका घेतल्यावर प्रश्न उरतो, की अशा डळमळत्या आकड्याचं करायचं काय? मी धुळे जिल्ह्यापुरता ढोबळ हिशेब मांडून पाहिला. 2011 ची लोकसंख्या 20 लाख 50 हजार. साठीपुढचे दहा टक्के धरू, म्हणजे 2 लाखांच्या वर. त्याला 7.4 टक्के लावले तर 15 हजार रुग्ण. जागतिक अभ्यासाचे 38 लाख देशातल्या वृद्धांशी ताडले तर दर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो. त्या दरानं साडेपाच-सहा हजार. दोहोंत अडीचपटीहून जास्त अंतर आहे. पण हाच हिशेब गावावर आणला तर काय दिसतं? दोन हजार वस्तीच्या गावात असे पाच ते पंधरा जण. पाच असोत की पंधरा, त्या गावातल्या आशाताईला हा आजार ओळखता यायला हवा, तालुक्याच्या डॉक्टरला थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांनी येणारं विसरणं वेगळं काढता यायला हवं, आणि घरच्या बाईला कुणीतरी सांगायला हवं, की चोरीचा आळ आजार घेतो आहे, सासू घेत नाही. पहिल्या पायरीचं काम दोन्ही आकड्यांत सारखंच आहे. नेमक्या आकड्याची वाट बघण्याचं कारण त्यामुळे संपतं. कागदावर तो आकडा जिल्हानिहाय यायला हवा, ही मागणी रास्तच आहे, पण ती कामाला अडसर होऊ नये.

हे काम फार खर्चाचं नाही, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. तिथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं रुग्णांच्या घरी पाठवली. त्यांनी आजाराची माहिती दिली, वागण्यातले बदल कसे हाताळायचे ते दाखवलं, सरकारी योजनांपर्यंत पोचवलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचं दिसलं. मोठ्या रुग्णालयाची गरज त्यात नव्हती.

आमच्याकडे या मदतीची गरज जास्त आहे, कारण काळजी घेणारी माणसंच पांगली आहेत. खानदेशातल्या कितीक गावांत मुलगा-सून सुरतेला, नातू पुण्याला किंवा नाशिकला, आणि घरात दोन म्हातारी माणसं. त्यांतलं एक विसरू लागलं की दुसरं, स्वतः सत्तरीचं, त्याला सांभाळतं. काकूंना चार सुना होत्या. 2036 मध्ये साठी-सत्तरीत असणाऱ्या बाईला एक असेल, तीही उधन्यात. अंदाजाच्या कोष्टकांत रुग्णांचा रकाना असतो. सांभाळणाऱ्यांचाही असायला हवा. रुग्ण दुप्पट होत असताना हे हात निम्मे होणार असतील, तर खरा भार चौपट आहे.

वाचकाला एक सांगणं आहे. आशाताई साठीपुढच्या माणसांसाठी जो फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? तो प्रश्न घाईत विचारला जातो, आणि त्याहून घाईत घरचं कुणीतरी ‘वय झालं आता’ म्हणून पुढच्या रकान्याकडे बोट दाखवतं. तसं करू नका. उत्तर ‘हो’ असेल तर ‘हो’ सांगा, ते लिहून घ्यायला लावा, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. कान तपासा, रक्तदाब आणि साखर तपासा. तेवढं आपल्या हातात आहे.